वैद्याची पात्रता : गोमंतकाच्या इतिहासातील एक प्रकरण

देवस्थानाच्या स्मरणिकेत वैद्यकाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, एखादे काम करण्यास माणूस खरोखर पात्र आहे किंवा नाही हे कोणी आणि कशावरून ठरवावे, हा प्रश्न देवस्थानाच्या कारभारात पदोपदी उभा राहतो. आणि या प्रश्नाची जितकी कसून तपासणी वैद्यकाच्या इतिहासात झालेली दिसते, तितकी अन्य व्यवसायांत क्वचितच झाली असेल. अर्चकाचा मंत्र चुकला तर देव क्षमाशील आहे, हिशेबनिसाचा आकडा चुकला तर तो दुरुस्त करता येतो. वैद्याच्या चुकीची मात्र रोग्याच्या प्राणाशी गाठ असते. म्हणूनच वैद्याच्या पात्रतेविषयी शास्त्र, धर्मसत्ता, राजसत्ता आणि लोक या सर्वांनीच आपापला निवाडा दिलेला आहे. हे निवाडे परस्परांशी नेहमी जुळले असे नाही. गोमंतकात तर ते साडेचारशे वर्षे एकमेकांशी झगडत राहिले. त्या झगड्याचा थोडक्यात मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राचा निवाडा

प्रथम आपल्या प्राचीन ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक छोटा अध्याय आहे. ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष हाताने केलेला सराव. शिष्याने सर्व शास्त्राचा अर्थ आत्मसात केला असला तरी त्याच्याकडून आधी सराव करून घ्यावा, असा तेथे स्पष्ट आदेश आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर, शीर तोडण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, टाके घालण्याचा पातळ व जाड वस्त्रांवर, आणि पट्टी बांधण्याचा सराव कापडाच्या बाहुल्यावर करावा, असा तपशील दिलेला आहे. ज्याने हा सराव केलेला नाही तो कितीही बहुश्रुत असला तरी कर्मासाठी अयोग्यच, असा त्या अध्यायाचा निष्कर्ष आहे. ‘योग्य’ आणि ‘योग्या’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढच्याच अध्यायात, वैद्याने व्यवसायास केव्हा आरंभ करावा याचा क्रम सांगितला आहे. शास्त्र वाचलेले असावे, त्याचा अर्थ उपासनेने उलगडलेला असावा, गुरूच्या हातची कर्मे डोळ्यांनी पाहिलेली असावीत, स्वतः सराव केलेला असावा, शास्त्र इतरांस समजावून सांगता यावे, आणि मग राजाची अनुज्ञा घ्यावी. या क्रमात राजाची अनुज्ञा शेवटी येते, हे वाचकांच्या ध्यानी येईल. राजमुद्रा ही पात्रतेची जननी नव्हे, आधीच सिद्ध झालेल्या पात्रतेवरची ती मोहोर आहे, असा भाव त्यात आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा असे दोन्ही वैद्य सुश्रुताने अपुरे ठरविले असून त्यांना एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे.

चरकसंहिता वैद्याचे चार गुण सांगते : निर्मळ शास्त्रज्ञान, अनेकवार पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. शिष्याला प्रवेश देताना कुळाचा विचार या ग्रंथांनी केलेला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिकून बाहेर पडलेल्या वैद्याचे मोल करताना जे चार गुण मोजले, त्यांत कुळ नाही. प्रवेशाचा अधिकार आणि कर्माची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद आपल्या पूर्वसूरींनी इतक्या प्राचीन काळी ओळखला होता.

रोग्यांचा निवाडा

सोळाव्या शतकात गोव्यात या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. इ.स. १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले होते आणि लिस्बन येथे त्याने अध्यापन केले होते. म्हणजे युरोपच्या दृष्टीने त्याच्या पात्रतेत काहीही उणे नव्हते. तरीही येथील रोग व येथील वनस्पती त्याच्या ग्रंथांत नव्हत्या. हे त्याने ओळखले आणि तो शिकू लागला. इ.स. १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य भेटतो. पटकीचे वर्णन करताना ओर्ता तिचे येथील लोकांच्या तोंडचे नाव देतो. ते म्हणजे आपली ‘मोडशी’. मिरी व जिरे घातलेल्या तांदळाच्या पेजेचाही तो उल्लेख करतो. आपली औषधे लागू पडेनाशी झाली की येथील वैद्यांची औषधे आपण वापरतो, हेही तो लपवीत नाही. विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर शिकणे संपले असे न मानणारा हा मनुष्य होता.

परंतु काळ वेगळा होता. त्याच दशकात श्री मंगेश कुशस्थळीहून, श्री शांतादुर्गा केळशीहून, श्री म्हाळसा वेरण्याहून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेल्या गेल्या, हा इतिहास महाजन कुटुंबांना सांगावयास नको. इ.स. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्ती रोग्यांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेण्यास मनाई केली. वैद्याला काय येते हा प्रश्नच तेथे नव्हता. तो कोण आहे एवढेच पाहिले गेले. हाच न्याय पुढे खुद्द ओर्तालाही लागू झाला. तो मूळच्या ज्यू कुळातील होता. इ.स. १५६८ मध्ये तो वारला आणि इ.स. १५८० मध्ये इन्क्विझिशनच्या आज्ञेने त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. इतक्या विद्वान वैद्याच्या बाबतीतही अखेरचा हिशेब झाला तो जन्मावरूनच.

मनाईचा परिणाम काय झाला? इ.स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने लिहून ठेवले आहे की, हिंदू वैद्य शहरातून पोर्तुगिजांप्रमाणे छत्री धरवून हिंडत. वकिलाती घेऊन आलेले आणि धनाढ्य व्यापारी सोडले तर इतर हिंदूंना हा मान नसे. खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर अधिक विश्वास ठेवीत, असेही तो सांगतो. ज्या धर्मसत्तेने मनाई केली तिचेच धुरीण आजारी पडल्यावर त्याच वैद्याला बोलावीत! यात त्यांचा दंभ दिसतो, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, बिछान्यावर पडलेला रोगी मोठा व्यवहारी परीक्षक असतो. ज्याच्या हाताला गुण येतो त्यालाच तो बोलावतो.

राजसत्तेचा निवाडा

अखेर राजसत्तेला मध्यम मार्ग काढावा लागला. इ.स. १६१८ मध्ये गोवा शहराच्या नगरसभेने असा नियम केला की, मुख्य राजवैद्याने किंवा मुख्य शस्त्रवैद्याने परीक्षा घेऊन परवाना दिल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये. आणि हिंदू वैद्यांची संख्या ३० पेक्षा अधिक असू नये. नियमाचा पहिला भाग रास्त होता. भोंदू वैद्यांपासून प्रजेचे रक्षण करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच आहे, आणि सुश्रुतालाही राजाची अनुज्ञा अभिप्रेत होती. दुसऱ्या भागाला मात्र वैद्यकाचा कोणताही आधार नव्हता. एकतिसावा वैद्य केवळ एकतिसावा म्हणून अपात्र कसा ठरतो, याचे उत्तर शास्त्रात सापडणार नाही. परीक्षेच्या पडद्याआड मक्तेदारीची सोय करून ठेवण्याचा हा प्रकार पुढे अनेक व्यवसायांत, अनेक देशांत दिसून आलेला आहे.

याहूनही अवघड प्रश्न परीक्षकाचा होता. पोर्तुगालहून आलेला राजवैद्य गॅलेनच्या परंपरेत शिकलेला असे. उष्ण कटिबंधातील ज्वर आणि अतिसार यांचा त्याला अनुभव बेताचाच असे, आणि वारंवार रक्त काढणे हा त्याचा आवडता उपाय होता. जुन्या गोव्यातील राजेशाही इस्पितळाची व्यवस्था, स्वच्छता आणि भोजन यांची फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने मुक्तकंठाने स्तुती केली आहे, तो इ.स. १६०८ मध्ये स्वतः तेथे रोगी होता. तथापि इ.स. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत त्या इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावल्याचे इतिहासकार सांगतात. लांबच्या समुद्रप्रवासाने खचून आलेली ही माणसे होती, तेव्हा सारा दोष वैद्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याला या भूमीचे रोग पूर्णपणे उमगलेले नाहीत त्याने या भूमीच्या वैद्यांची परीक्षा घ्यावी, यातील विसंगती लपण्यासारखी नाही. परीक्षेचे मोल परीक्षकाच्या मोलाहून अधिक असू शकत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण निकोलाव मानुची याचे आहे. हा व्हेनिसचा तरुण हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला आणि पुढे लाहोरात वैद्य म्हणून नावारूपास आला. त्याने वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. युरोपियन चेहरा हाच त्याचा परवाना ठरला. मागाहून अनुभवाने तो बरेच काही शिकला असेल. पण त्या अनुभवाची किंमत त्याच्या पहिल्यावहिल्या रोग्यांनी मोजली असणार. हाच मानुची पुढे छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली त्या वेळी, इ.स. १६८३–८४ च्या सुमारास, पोर्तुगिजांच्या वतीने वाटाघाटींत वावरताना दिसतो. वैद्यकी असो वा वकिली, आत्मविश्वासाने पुढे होणाऱ्या माणसाला जग किती सहज पात्र मानते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तीन वैद्यांचा दाखला

या सर्व गदारोळात एक कागद असा आहे की, जो पाहून प्रत्येक गोमंतकीयाची मान उंच व्हावी. छळाच्या काळात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या अनेक सारस्वत घराण्यांनी कोचीत वस्ती केली. डचांनी कोची जिंकल्यावर मलबारचा डच कमांडर हेंद्रिक व्हान ऱ्हेडे याने त्या प्रदेशातील वनस्पतींचा एक महाग्रंथ सिद्ध करण्याचे मनावर घेतले. तोच इ.स. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ होय. लिनियसने पुढे वनस्पतींचे वर्गीकरण केले तेव्हा याच ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

या कामी ज्यांचे साहाय्य झाले, त्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन गोमंतकीय मूळाचे वैद्य होते. इ.स. १६७५ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी नागरी लिपीत व कोकणी भाषेत लिहून दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात जसाच्या तसा छापलेला आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. या दाखल्याचा आशय काय? झाडे, वेली, त्यांची फुले, फळे, मुळे, रस आणि त्यांचे गुण ही सर्व माहिती आपल्या निघंटूच्या आधारे आपण दोन वर्षे, सकाळ-संध्याकाळ, तपासून दिली, असे ते सांगतात आणि खाली आपली नावे लिहितात.

त्याच ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने दिलेला दाखलाही तेथेच आहे. तो ईळव समाजातील होता. परंपरेने वैद्यकी चालत आलेल्या घराण्याचा तो आहे, हे त्याने सांगितले आहे. पण तेवढ्यावर तो थांबलेला नाही. घरच्या ग्रंथात जे लिहिले आहे आणि दीर्घ अनुभवाने जे आपण पडताळले आहे, ते आपण सांगितले, असे तो नमूद करतो. ब्राह्मण वैद्य आणि ईळव वैद्य यांच्या साक्षी एकाच खंडात शेजारी शेजारी छापल्या गेल्या, ही सामान्य गोष्ट नव्हे. वनस्पतीसमोर उभे राहिल्यावर कोणाचे ज्ञान खरे एवढाच प्रश्न उरला होता.

पात्रतेची तिन्ही अंगे या दोन दाखल्यांत एकत्र आलेली दिसतात. आधारास ग्रंथ आहे, प्रत्यक्ष व दीर्घ काळ केलेले काम आहे, आणि त्या कामाची जबाबदारी घेऊन केलेली सही आहे. हा दाखला काम पूर्ण झाल्यावर, केलेल्या कामाविषयी दिलेला आहे, म्हणून त्याचे वजन निराळे.

पदवीचा काळ

इ.स. १८४२ मध्ये पणजी येथे वैद्यकीय व शस्त्रक्रिया विद्यालय स्थापन झाले आणि पात्रता ठरविण्याची रीत बदलली. ठरावीक वर्षे, ठरावीक विषय, शवविच्छेदन, इस्पितळातील काम आणि शेवटी परीक्षा, असा तो क्रम होता. येथून बाहेर पडलेल्या गोमंतकीय डॉक्टरांनी मोझांबिक, आंगोला आदी पोर्तुगीज वसाहतींत आयुष्ये वेचली. तथापि पोर्तुगालमध्ये त्यांच्या पदविकेला तेथील पदवीची पूर्ण बरोबरी मिळाली नाही. आफ्रिकेतील साथीशी झुंजण्यास जो हात पात्र, तोच लिस्बनमध्ये अपुरा! म्हणजे परीक्षा आली तरी भेदभाव गेला, असे म्हणता येत नाही. तरीही परीक्षेमुळे एक मोठी गोष्ट साधली : काय येणे आवश्यक आहे हे उघड लिहिले गेले, आणि जे उघड लिहिलेले असते त्यावर दाद मागता येते. इ.स. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील हिंदूंना शिक्षणाची व सरकारी नोकरीची दारे अधिक मोकळी झाली. त्यानंतर या विद्यालयात हिंदू विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. इ.स. १९६३ मध्ये याच संस्थेच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय आले.

जुने आणि नवे यांचा मेळ घालणारे गोमंतकीय म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. पेडणे महालातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय इ.स. १८४५ मध्ये सुरू झाले आणि इ.स. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत ते होते. संस्कृत ग्रंथांचा त्यांचा व्यासंग विख्यात आहे. कडू कवठाचे तेल कुष्ठरोगावर देण्याचे प्रयोग त्यांनी केले, ते जुन्या औषधाला नव्या शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याच्या वृत्तीने.

या कथेत आणखी एका व्यक्तीला स्थान दिले नाही तर ती अपुरी राहील. ती म्हणजे गावची वैजीण. तिच्याजवळ ग्रंथ नव्हता, परवाना नव्हता, सहीही नव्हती. किती बाळंतपणे सुखरूप केली हीच तिची पदवी. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे तिच्याच हातांनी या जगात आले. तिच्या अनुभवाचा आदर करावा, हे योग्यच. परंतु नाळ कापण्याचे हत्यार उकळून न घेतल्याने धनुर्वात होऊन अर्भके दगावत, हेही खरे आहे. हाताला सराव होता, दक्षताही होती. निर्जंतुकतेचे शास्त्र तेवढे तिच्यापर्यंत कोणी नेले नव्हते. एका पंखाच्या पक्ष्याची उपमा येथे कळवळून आठवते. दोष तिचा नव्हता. ज्यांना शास्त्र ठाऊक होते आणि ज्यांनी ते तिच्या दारापर्यंत नेले नाही, त्यांचा होता.

परंपरागत वैद्यांना कायद्याच्या नोंदवहीत स्थान देणारा पहिला मोठा प्रयत्न मुंबई प्रांतात इ.स. १९३८ च्या कायद्याने झाला. पुढे इ.स. १९७० मध्ये भारतीय वैद्यकासाठी केंद्रीय परिषदेचा कायदा झाला आणि इ.स. २०२० च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणला. आज आयुर्वेदाच्या पदवीसाठी सुद्धा ठरावीक अभ्यासक्रम, इस्पितळातील उमेदवारी आणि नोंदणी आवश्यक आहे. सुश्रुताने सांगितलेला क्रमच नव्या वेषात परत आला, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आपल्यापुरता बोध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण महाजन आहोत ते जन्माने. इ.स. १९३३ मध्ये गोव्यातील देवस्थानांसाठी जी नियमावली झाली, तिने महाजनांच्या नोंदवहीला, त्रैवार्षिक निवडणुकीला आणि अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार आदी पदांना कायद्याचे रूप दिले. नोंदवहीत नाव असणे हा आपला हक्क आहे आणि तो आपल्या पूर्वजांनी प्राण पणाला लावून राखला आहे. देव पाठीवर घेऊन रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. परंतु तो हक्क म्हणजे सुश्रुताच्या शाळेतील प्रवेश होय. कर्माची पात्रता त्यापुढे मिळवावयाची असते.

खजिनदाराला जमाखर्च वाचता येतो काय? मुखत्याराला जमिनीचे कागद आणि कुळांचे हक्क यांची माहिती आहे काय? सभामंडपाच्या कोरीव लाकडी खांबांना वाळवी लागली तर कोणाला बोलवावे आणि जुन्या चुन्याच्या दीपमाळेवर सिमेंट का थापू नये, हे जाणणारा कोणी समितीत आहे काय? अर्चकाच्या, वाजंत्र्यांच्या, अन्य सेवेकऱ्यांच्या मुलांनी वडिलांची सेवा पुढे चालवावी अशी आपली इच्छा असते. मग त्यांच्या सरावाची, शिक्षणाची आणि सन्मानाने जगता येईल अशा वेतनाची तरतूद आपण करतो काय? वैजिणीला शास्त्र न पोहोचविता तिच्याकडून सुखरूप बाळंतपणाची अपेक्षा करणाऱ्यांसारखे तर आपण वागत नाही ना, हे प्रत्येक सर्वसाधारण सभेने स्वतःस विचारावे.

चरकाचे चार गुण देवस्थानाच्या कोणत्याही पदाला लावून पाहता येतात : विषयाचे स्वच्छ ज्ञान, काम अनेकवार पाहिल्याचा अनुभव, दक्षता आणि हात व मन यांची शुचिता. उमेदवाराचे आडनाव, घराण्याचा मान, देणगीचा आकडा किंवा परदेशातील पद यांपैकी काहीही या चौकटीत बसत नाही. आणि तीन वर्षांची मुदत संपल्यावर पदाधिकाऱ्यांनी त्या तीन वैद्यांप्रमाणे एक कागद लिहावा : अमुक काम आम्ही केले, अमुक आधाराने केले, इतका काळ केले, आणि खाली आपली नावे घालावीत. दागिन्यांची यादी, दुरुस्तीचा खर्च, राहिलेली कामे, सर्व त्यात यावे. तो कागद ज्याला निःशंकपणे लिहिता येईल तो त्या पदास पात्र होता असे समजावे, मग त्याला कोणी नमस्कार करो वा न करो.

पुढील पिढीतील जी मुले-मुली आज पालखीपुढे दिवट्या घेऊन चालतात, त्यांच्या हाती उद्या या देवस्थानाचा कारभार जाणार आहे. त्यांना हक्क वारशाने मिळेलच. सराव मात्र आपण आजपासून करून घेतला पाहिजे. तशी बुद्धी श्रींनी आपणा सर्वांस द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.